लोहाराचा हात आणि आठ शब्दांची भाषा

मराठीतून चालणारी कॉम्प्युटरची भाषा आख्ख्या नाशिक जिल्ह्यात मी एकट्यानं बनवली. तिच्यात शब्द आठच आहेत, आणि त्यातला एक त्याच्या मनात येईल तेव्हाच चालतो.

या अंकाच्या संपादकांचा फोन आला की तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा, तेव्हा मी आधी विचारलं, साहेब, नंबर बरोबर लावलाय ना? मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. म्हणजे शाळेनं मला आधीच सोडलं होतं, मला ते आठवीत कळलं. पुढं वायरमन झालो. नाशिक रोडला दुकान आहे, दुकान म्हणजे शटर. गणपतीच्या दिवसांत हलते देखावे करायचे, बाकीचं वर्ष लोकांच्या मिक्सरला हात घालायचा.

हलता देखावा तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. पडदा उघडतो, बाहुली पाणी शेंदते, पैलवान मान हलवतो. पाहणाऱ्याला वाटतं आत लय मोठी यंत्रं असतील. आत भंगारातल्या गाडीच्या वायपरच्या मोटरी असतात. गाडीची काच पुसायची सोडून ती मोटर पैलवानाची मान हलवते, एवढाच तिचा उद्धार. आणि कोणी कधी हलायचं हे सांगायला असायचा रोलर. लाकडाचा ढोल, पिंपाएवढा, त्यावर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या. ढोल सावकाश फिरतो, पट्टी तारेला लागली की ती मोटर चालू, पट्टी संपली की बंद. सगळी गोष्ट त्या ढोलावर पट्ट्यांनी लिहिलेली असायची.

हे पट्ट्या ठोकायचं काम दत्तूभाऊंचं. दत्तूभाऊ सायखेड्याचे, माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठे. देखावा त्यांचा, बाहुल्या त्यांच्या, रोलर त्यांचा. मी फक्त तारा जोडायचो. तरी लोकांसमोर मी "आमचा देखावा" म्हणायचो आणि ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

मग दत्तूभाऊंचा उजवा हात थरथर कापायला लागला. आधी चहा सांडायचा, मग पट्टी वाकडी बसायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं हे कमी होणार नाही, वाढत जाईल, गोळ्यांनी थोडं सावकाश वाढेल. एक गणपती असाच गेला, काम नाही. दिवाळीनंतर शांतावहिनी, म्हणजे त्यांच्या मालकीणबाई, सायखेड्याहून दुकानात आल्या. कधी न येणाऱ्या. म्हणाल्या, "भावजी, ह्यांना कायतरी काम द्या. दिवसभर भिंतीकडं बघत बसतात. मी काय विचारलं तर भिंतच बोलंल, हे बोलत नाय."

मी म्हणालो, "वहिनी, हात चालत नाय तर मी काय देऊ?"

"ते मला काय माहीत. तुमाला इलेक्ट्रिकचं येतं ना?"

इलेक्ट्रिक येणाऱ्याला सगळं येतं असा आमच्याकडं समज आहे. मीही तो कधी मोडला नाही.

तेव्हा बाजारात ते छोटे बोर्ड यायला लागून बरीच वर्षं झाली होती. काडेपेटीएवढी पाटी, तिच्यात डोकं. मोबाईलवर हिंदीतले व्हिडिओ बघून बघून मी त्यावर दिवे लावायला शिकलो होतो. पण त्या बोर्डाची स्वतःची भाषा इंग्रजी, कंस आणि टिंबांनी भरलेली. एक टिंब विसरलं तर तो रुसतो. दत्तूभाऊ म्हणणार, मान जरा उशिरा हलू दे, की मी लॅपटॉप काढा, वायर जोडा, कंस शोधा. तोपर्यंत ते परत भिंतीकडं बघायला लागायचे.

म्हणून ठरवलं, मधे एक दुभाषी ठेवायचा.

हे समजून घ्या, सोपं आहे, मला समजलं म्हणजे सोपंच असणार. नाशिक रोड स्टेशनवर परदेशी पाव्हणा उतरतो. त्याला रिक्षावाल्याचं कळत नाही, रिक्षावाल्याला त्याचं. मधे एक जण उभा राहतो. पाव्हण्याचं एक वाक्य ऐकतो, रिक्षावाल्याला सांगतो, मग पुढचं वाक्य ऐकतो. माझा प्रोग्राम म्हणजे तो मधला माणूस. मेमरी कार्डात एक फाईल, तिच्यात एका ओळीत एक हुकूम. "पुढे हात." "खाली घण." "थांब २." डब्यानं, म्हणजे तो बोर्ड बसवलेल्या माझ्या डब्यानं, पहिली ओळ वाचायची, पहिला शब्द आपल्याला माहीत असलेल्या शब्दांत आहे का बघायचं, असेल तर ते काम करायचं, आणि पुढच्या ओळीवर जायचं. नसेल तर लाल दिवा लावून बसायचं. "परत" आलं की पहिल्या ओळीवर. संपली भाषा. शिकलेले लोक याला इंटरप्रिटर म्हणतात हे मला बनवून झाल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर घाबरून बनवलाच नसता.

बनवायला एक हिवाळा गेला. डब्याला मराठीचं एक अक्षर इंग्रजीच्या तीन अक्षरांएवढं जड पडतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी मोजून ठेवलेल्या जागेत "खाली"मधलं अर्धंच मावायचं आणि डबा लाल दिवा लावून माझ्याकडं बघायचा. बायको म्हणायची, "दोघं एकमेकांकडं बघत बसा."

ही भाषा आधी दुसऱ्यांवर करून पाहिली. वीज केंद्रात नोकरी करणारे एकलहऱ्याचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नासाठी आले. दारात दोन बाहुल्या हव्यात, पाव्हणा आला की वाकून नमस्कार करणाऱ्या. आणि म्हणाले, "आमचे साहेब आले तर दोनदा वाकायचं." म्हणजे भाषेत "जर" आलं. मी गालिच्याखाली बटन लपवलं, साहेब आले की गृहस्थांनी हळूच पाय द्यायचा. लग्नात सगळं गाव त्या बटनावरूनच चाललं. बाहुल्या वाढप्यांना दोनदा वाकल्या, बॅण्डवाल्यांना दोनदा वाकल्या, एका कुत्र्यालाही वाकल्या. साहेब आले तेव्हा मोटर तापून बंद. त्या ताठ उभ्या. मी दिसलो की ते गृहस्थ आता रस्ता ओलांडतात. तेव्हापासून "जर" या शब्दावर माझा विश्वास नाही.

दुसरे दत्तूभाऊंच्या शेजारचे द्राक्षवाले. त्यांना बागेत पाखरं हाकलायला हात हलवणारं बुजगावणं हवं होतं. प्रोग्राम मी लिहितो म्हटलं तर म्हणाले, "मराठीच हाय ना? मी लिहितो की." त्यांनी लिहिलं, वर, खाली, परत. "थांब" लिहिलंच नाही. डब्यानं सांगितलं ते केलं. बुजगावण्यानं दिवसभर न थांबता सलाम ठोकला आणि संध्याकाळी त्याच्या काखेतून धूर आला. मला म्हणाले, "ह्याला एवढी अक्कल नको का, की दमल्यावर थांबावं?" मी म्हणालो, "माणसाला नसते, याला कुठून येणार?" ते हसले नाहीत.

पण भाषा केली होती दत्तूभाऊंसाठी. मी लॅपटॉप घेऊन सायखेड्याला जायला लागलो. ते खाटेवर, मी खाली. ते सांगायचे, मी एका बोटानं टाईप करायचो. त्यांच्या डोक्यात बरीच वर्षं एक देखावा होता. रस्त्याच्या कडेला पाल ठोकून राहणारे लोहार, नवरा-बायको. नवरा तापलेलं लोखंड ऐरणीवर ठेवतो, फिरवतो, हात मागं घेतो. बायको घण मारते. मग परत त्याचा हात पुढं.

"मग ती दम घेती," दत्तूभाऊ म्हणाले.

"किती सेकंद?"

"दम घेतला म्हणजे घेतला. सेकंद कशाला?"

"डब्याला आकडा लागतो, भाऊ."

"मग त्याला सांग, दोन घास हवा."

मी "थांब २" लिहिलं. बाहुली नव्हती तरी ते डोळे मिटून बघायचे.

"नाय. लय झाला. तरणी हाय ती. कमी कर."

"थांब १" केलं.

"आता बघ. तो तिच्याकडं बघतो अन् मगच हात घालतो. तिच्या भरवशावर घालतो. ते बघणं दिसलं पायजे, सुऱ्या. ते नाय दिसलं तर हा देखावा नाय, नुसती ठोकाठोकी हाय."

बघणं हा शब्द माझ्या भाषेत नव्हता. मानेला वेगळी मोटर लावली आणि "पुढे मान" असं लिहिलं. दत्तूभाऊंना पटलं. वहिनी चहा घेऊन आल्या. दत्तूभाऊंनी बशी धरली, सांडली, आणि मला म्हणाले, "पुढची ओळ लिही." वहिनींनी त्या दिवशी मला जेवायला बसवलं.

बाहुल्या जुन्याच घेतल्या, लोहाराचा हात मात्र खास होता. हात कापायला लागायच्या आधीच्या वर्षी दत्तूभाऊंनी स्वतःच्या उजव्या हाताचा साचा काढून ठेवला होता. प्लास्टरचा हात, त्यावर अंगठ्याची जुनी जखमही दिसायची. लोखंड धरायला असाच हात पाहिजे म्हणाले, काम केलेला. आणि घणाचं डोकं खऱ्या लोखंडाचं. मी म्हणालो थर्माकोलचं करू, रंग देऊ. म्हणाले, "आवाज कुठून आणशील? ठण् झालं पायजे."

नाशिक रोडच्या एका मंडळानं देखावा घेतला. अध्यक्षांनी आधीच सांगितलं, "काका, पोरांना आता मोठा पडदा पाहिजे, व्हिडिओवाला. हे वर्ष तुमच्यासाठी म्हणून. चाललं नीट तर पुढंबी बघू." दत्तूभाऊ मला बाहेर आल्यावर म्हणाले, "नीट चालंल ना?" मी छातीवर हात मारला. माझ्या छातीत नेहमी हवाच जास्त असते.

देखावा उघडला त्या संध्याकाळी दत्तूभाऊंना पुढं खुर्ची दिली. वहिनी शेजारी. आयुष्यभर ते पडद्यामागं होते, पुढून बघायची पहिलीच वेळ. त्यांच्या अंगावर मंडळानं घातलेली शाल. पडदा उघडला. लोहारानं बायकोकडं बघितलं, हात पुढं, लोखंड फिरवलं, हात मागं, तिचा घण, ठण्. गर्दी पुढं सरकली. दत्तूभाऊंचे ओठ हलत होते, ते ओळी म्हणत होते. मी डब्याशेजारी उभा राहून स्वतःवर खूश.

मग आरतीची वेळ झाली.

आता आमच्या धंद्यातली रीत सांगतो. आरती सुरू झाली की देखाव्याचं मेन बटन खाली ओढायचं. मोटरींचा घरघराट आरतीत नको. हे बटन कोणीही ओढतं, जो जवळ असेल तो. मी स्वतः शेकडो वेळा ओढलंय. रोलरला त्यानं काही व्हायचं नाही. ढोल जिथं थांबला तिथं थांबला, बाहुल्याही तिथंच. परत बटन वर केलं की सगळे जिथं होते तिथून पुढं. रोलरला काही लक्षात ठेवावंच लागायचं नाही, तो स्वतःच लक्षात असायचा.

डबा तसा नव्हता. वीज गेली की तो सगळं विसरायचा आणि वीज आली की पहिल्या ओळीपासून सुरू. घरी मी शंभर वेळा चालवून पाहिला होता. पण घरी मी आरती करत नाही.

आणि वायपरची मोटर एकाच दिशेला फिरते. अर्धा फेरा दिला की हात पुढं, अजून अर्धा दिला की हात मागं. म्हणजे माझ्या भाषेत "पुढे" आणि "मागे" असे दोन शब्द, पण मोटरीच्या लेखी दोन्हींचा अर्थ एकच, अर्धा फेरा. सुरुवात मागून केली तर सगळं बरोबर. बटन ओढलं गेलं तेव्हा लोहाराचा हात पुढं होता, ऐरणीवर.

आरती झाली. बटन वर केलं. डबा पहिल्या ओळीवर गेला, मानेची ओळ झाली, मग म्हणाला, पुढे हात. हात मागं आला. मला वाटलं, वा, चाललं. मग डबा म्हणाला, मागे हात. हात पुढं गेला आणि ऐरणीवर थांबला. मग डबा म्हणाला, खाली घण.

ठण् झालं नाही. नारळ फुटल्यासारखा आवाज झाला. मागं कोणीतरी "गणपती बाप्पा" म्हणालं, त्यांना वाटलं कोणी नारळच फोडला. बोटं खाली सतरंजीवर पडली. बायकोचा घण वर गेला, तिनं दम घेतला, एक सेकंद, आणि परत मारला. तोपर्यंत मला बटन सापडत नव्हतं. लोक हसायला लागले.

मी दत्तूभाऊंकडं बघितलं. त्यांनी आपला उजवा हात शालीच्या आत घेतला होता.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं ते येणार नाहीत. ते आले. लोहाराच्या मनगटाला फडकं गुंडाळलं आणि पडद्यामागं बटनाशेजारी स्टूल टाकून बसले. मंडळाच्या लोकांना म्हणाले, "हे बटन मी सोडून कोणी ओढायचं नाय." मी म्हणालो, "भाऊ, मी बसतो, तुमचा हात..." ते म्हणाले, "तुझा हात काय कामाचा?"

विसर्जनापर्यंत रोज ते तिथं बसले. आरतीची घंटा वाजली तरी ओढायचे नाहीत. डावा हात उजव्यावर धरायचे, त्याला दाबून ठेवायचे, लोहाराचा हात मागं आणि घण वर, पहिल्या ओळीला असतं तसं झालं की ओढायचे. तोपर्यंत ताट धरून लोक थांबायचे. कापूर संपत यायचा. कोणी कुरकुरलं तर ऐकू न आल्यासारखं करायचे, ती त्यांची जुनी सवय. फडकं बांधलेल्या लोहाराकडं बघून पब्लिक मात्र म्हणायचं, "बघा, हात तुटला तरी काम करतोय, काय देखावा केलाय." एका बाईंनी हात जोडले. मी पडद्यामागून ऐकत होतो, दत्तूभाऊही ऐकत होते. आम्ही एकमेकांकडं बघितलं नाही.

विसर्जन झालं. अध्यक्ष म्हणाले, "काका, पुढच्या वर्षी आता पडदाच." दत्तूभाऊ म्हणाले, "बरं." बाहुल्या टेम्पोत भरल्या आणि ते टेम्पोत पुढं बसून सायखेड्याला गेले. डबा आणि तुटलेला हात मी दुकानात आणला, जोडून देतो म्हणून.

आणि मी डब्याच्या मागं लागलो. माझं डोकं दुसऱ्या कशात लागेना. बोर्डात एक बारीक जागा असते, वीज गेली तरी तिथं लिहिलेलं राहतं. तिथं चालू ओळीचा आकडा लिहून ठेवायचा. मी एवढ्या वेळा लिहायला लावला की ती जागाच झिजून मेली. दुसरा बोर्ड. मग फक्त ओळ बदलली की लिहायचं. मग कळलं, ओळ लक्षात असून भागत नाही, हात खरंच कुठं आहे ते डब्याला दिसलं पाहिजे. प्रत्येक मोटरीला बारीक बटन लावलं. मग आठवा शब्द आला, "जागेवर". वीज आली की डबा आधी सगळ्यांना चाचपतो, कोण कुठं अडकलंय बघतो, घण वर नेतो, मगच हात हलवतो. काय सांगू, लय सुरेख चाललं. यात वर्ष कसं गेलं कळलं नाही. वहिनींचा एकदोनदा फोन आला होता, मी म्हणालो येतो, हे एवढं झालं की येतोच.

झालं, तेव्हा गेलो. डबा, एक मोटर आणि पुठ्ठ्याचा हात एका फळीवर ठोकून नेला. दत्तूभाऊ त्याच खाटेवर होते, पण आता आडवे. दोन्ही हात कापत होते. बोलणं फार हळू झालं होतं, शब्द तोंडातच राहायचे. वहिनी त्यांना चमच्यानं भात भरवत होत्या. मी फळी स्टुलावर मांडली, पिन लावली. पुठ्ठ्याचा हात पुढं गेला. मधेच मी पिन उपटली. परत लावली. डब्यानं चाचपलं, हात मागं आणला, आणि जिथं सोडलं होतं त्या ओळीपासून पुढं चालू झाला. एकदा केलं, दोनदा केलं. तिसऱ्यांदा त्यांना सांगितलं, "भाऊ, आता कधीही बटन ओढू द्या. कुठं थांबलो होतो ते याला आठवतं."

दत्तूभाऊंनी पुठ्ठ्याचा तो हात बघितला. मग म्हणाले, "माझा हात कुठंय?"

मला आधी कळलंच नाही. मग आठवलं, प्लास्टरचा हात. तो दुकानात पिशवीत होता, मिक्सरच्या भांड्यांखाली. बोटंही त्याच पिशवीत. जोडायचा राहिला होता. आणि नवा साचा आता काढता येणार नव्हता, प्लास्टर धरेपर्यंत हात थांबावा लागतो.

"दुकानात हाय भाऊ," मी म्हणालो. "पुढच्या वेळी आणतो."

त्यांनी मान भिंतीकडं वळवली. मी उगाच परत पिन उपटली, परत लावली. पुठ्ठा हलायला लागला.

वहिनींनी भाताची ताटली खाली ठेवली, पदराला हात पुसला आणि म्हणाल्या, "डब्याला आठवतं व्हय भावजी, कुठं थांबला होता ते? तुमाला वर्षभर आमचं घर आठवलं नाय. बंद करा ते, त्यांना झोपू द्या."